पाचवा तुकडा

शनिवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना विद्युलताबाईंचा फोन वाजला. पलीकडे रविकांतच्या शेजारची सईबाई होती. तिला धड बोलता येत नव्हतं.

"बाई, तुम्ही या. रविकांतसरांना कोणी मारून टाकलंय. गिरिधरदादा आत सापडला. लोक त्याला बडवताहेत. लवकर या, नाहीतर तोही जायचा."

विद्युलताबाई सदुसष्ट वर्षांच्या. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं रेडिओ संचांची तपासणी केली होती. गिरिधर त्यांचा धाकटा भाऊ. दोघं एकाच घरात राहत आणि रविकांतची रेडिओची कार्यशाळा तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती. बाई चपला न घालताच निघाल्या.

कार्यशाळेच्या दारात वीसपंचवीस माणसं होती. गिरिधर जमिनीवर पालथा पडला होता. एकजण त्याच्या उजव्या हातावर बुटाने उभा होता. बोटं मोडल्याचा आवाज बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"बाजूला व्हा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. शाळेतल्या पोरांना दटावावं तसा त्यांचा सूर होता. माणसं खरोखरच बाजूला झाली.

गिरिधरने मान वर केली. तोंडातून रक्त गळत होतं. "ताई, मी नाही. मी आलो तेव्हा तो पडलेला होता. पाइप त्याच्या मानेवर होता, तो फक्त उचलला."

बाईंनी आत पाहिलं. रविकांत टेबलाशेजारी कुशीवर पडला होता. अँटेना उभी करायचा जाड पाइप कोणीतरी त्याच्या डोक्यात तीनदा घातला होता. डोक्याची उजवी बाजू उरलीच नव्हती. टेबलावर, भिंतीवर, छताच्या पंख्यावरही रक्ताचे शिंतोडे होते.

चाळीस वर्षांचा स्नेह होता. बाई रडल्या नाहीत. भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्या पोलिसांची वाट बघत बसल्या.

*

रविवारी सकाळी नऊ वाजता निरीक्षक प्रतापसिंह भोसले यांनी त्यांना कार्यशाळेत बोलावलं. भोसले तंजावरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जुनी मराठी ते तमिळच्या हेलात बोलत.

"या, अम्मा. मज ठाऊक आहे, तुम्ही गिरिधरच्या अक्का. नियमाने तुम्हांस इथे आणू नये. पण हे यंत्र मज कळत नाही. काल आशिष मणून एकजण आला, त्याने सांगटलं. मज दुसऱ्या तोंडून ऐकायचं आहे."

"आशिष आला होता?"

"रात्री आठास. रविकांतांचा जुना शिष्य मणे. ओरगडमला रेडिओच्या कारखान्यात आहे."

"मीही शिकवलंय त्याला. गिरिधर कुठे आहे?"

"इस्पितळात, पहाऱ्यात. तीन बोटं मोडली. उद्या अकरा वाजता न्यायाधीशांसमोर उभा करणार. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही, अम्मा."

"मग उद्या अकरापर्यंत वेळ आहे."

"कशास?"

"बघण्यास," बाई म्हणाल्या.

प्रेत नेलं होतं. बाकी सगळं होतं तसंच होतं. टेबलावर एक हातात धरायचा रेडिओ संच, मासेमारीच्या होड्यांवर असतो तसला. त्याच्या डोक्यावर हातभर लांब पोलादी काडी, म्हणजे अँटेना. शेजारी ॲनलायझर, पाठ्यपुस्तकाएवढं यंत्र. कटर. रविकांतची वही. आणि संच उभा करून पकडायचा एक लाकडी स्टँड.

"हे काय चाललं होतं इथे? लहान मुलास सांगतां तसं सांगा."

बाईंना त्याशिवाय सांगताच येत नसे. "अँटेनाची काडी कशी बनवतात? आधी मुद्दाम लांब ठेवतात. मग थोडी थोडी कापत जातात. काडी जितकी आखूड, तितकी तिची पट्टी वर चढते. होड्यांची आणीबाणीची पट्टी १५६.८ मेगाहर्ट्झ. काडी तिथे बसली की संचाची सगळी ताकद आकाशात जाते. नाही बसली, तर निम्मीअर्धी संचातच परत फिरते. ॲनलायझर एवढंच सांगतो, की या क्षणी काडी कुठल्या पट्टीवर आहे."

"आणि जास्त कापलं तर?"

"फेकून द्यायची. कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून रविकांत प्रत्येक तुकडा वहीत चिकटवायचा. पोरांनाही तेच करायला लावायचा. चूक कुठे झाली ते तुकडे सांगतात, म्हणायचा."

वही उघडी होती. पानावर चिकटपट्टीखाली चार तुकडे ओळीने होते. बाईंनी फूटपट्टी लावली. चारही बरोबर सहा मिलिमीटरचे. चिकटपट्टीवर रक्ताचे थेंब उडून सुकले होते.

"आता यंत्र पाहा," भोसले म्हणाले. "पाच नोंदी आहेत, वेळेसकट."

पडद्यावर ओळी होत्या. ३:३१ ला १४८. ३:४० ला १५०. ३:५२ ला १५२. ४:०१ ला १५४. आणि शेवटची, ५:४२ ला १५६.८.

"तर मग ५:४२ ला रविकांत जिवंत होते. काम पुरं केलं, नोंद केली. डॉक्टर सांगतात, मरण चार ते सहाच्या मधलं. पावणेसहाला तुमचा भाऊ आत शिरलेला सईबाईने पाहिला. पाइपावर ठसे त्याचेच. सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडणही झालं होतं."

"चौथ्या आणि पाचव्या नोंदीत पावणेदोन तास का गेले?"

"चहा प्याले असतील. झोपले असतील."

"घड्याळ बरोबर आहे यंत्राचं?"

भोसलेंनी आपला मोबाइल शेजारी धरला. "आशिषने सांगटलं तपासा मणून. पाहा. मिनिटाचाही फरक नाही."

बाई दोन्ही घड्याळांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाचवा तुकडा कुठे आहे?"

"कसला?"

"चार कापण्या वहीत आहेत. पाचव्या नोंदीआधी पाचव्यांदा कापलं असणार. तो तुकडा कुठे?"

शोधायला दहा मिनिटं लागली. टेबलाच्या कडेला, ॲनलायझरच्या मागे रक्ताचं एक थारोळं सुकून काळं पडलं होतं. त्यात तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चमकत होतं.

बाईंनी चष्मा पुसला. कितीतरी वेळ त्या वाकून पाहत होत्या. "याला हात लावू नका. आधी फोटो काढा, जवळून. लांबीही मोजून घ्या."

लांबी भरली दोन मिलिमीटर.

मग भोसलेंची परवानगी घेऊन त्यांनी रबरी हातमोजे घातले, टेबलावरचा संच उचलून हनुवटीसमोर धरला आणि ॲनलायझर जोडला. पडद्यावर आकडा आला. १५४.७.

"हे काय? ती नोंद तर १५६.८ सांगते."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "भोसलेसाहेब, दोन गोष्टी करा. वहीचं पहिलं पान वाचून ठेवा. आणि दुपारी आशिषला बोलवा. मला काही समजत नाहीये, त्याने समजावून द्यावं, असं सांगा."

भोसलेंनी पहिलं पान वाचलं. बाईंकडे एकदा पाहिलं आणि फोन काढला.

*

मधल्या वेळात बाई घरी गेल्या. गिरिधरच्या पिशवीत मिठाने पांढरा पडलेला एक संच होता. तो काशिमेडू बंदरातल्या कोळ्यांकडून आला होता, त्यांनी एकदम विकत घेतलेल्या बेचाळीस संचांपैकी एक. आठवड्यापूर्वीच्या वादळात तीन माणसांची होडी बुडाली. तिघंही शेवटपर्यंत हाका मारत असणार, पण किनाऱ्यावर कोणाला काही ऐकू आलं नाही. संच फळीला अडकून वाहत आला. गिरिधरने तो रविकांतला आणून दिला आणि त्यावरूनच शनिवारी सकाळी दोघांची जुंपली. गिरिधरचं म्हणणं, आजच पोलिसांत जाऊ. रविकांत म्हणाला, अँटेना ज्याने बनवली त्याला मी ओळखतो, त्याला कबूल करायची एक संधी देऊ. "माणसं मेली आणि तू संधी देतोस," असं ओरडून गिरिधर संच घेऊन घरी आला होता.

नाव मात्र रविकांतने सांगितलं नव्हतं.

बाईंनी घरच्या ॲनलायझरला तो संच जोडला आणि हातात धरला. १५४.७. मग तोच संच पुस्तकांच्या चळतीत उभा करून हात काढून घेतला. १५६.८.

त्या खुर्चीवर बसल्या. आता त्यांना रडू आलं.

*

दुपारी तीनला आशिष आला. पस्तिशीचा, नीटनेटका, डोळे सुजलेले. त्याने वाकून बाईंना नमस्कार केला.

"बाई, मला अजून खरं वाटत नाही. सरांनी मला हातात कटर धरायला शिकवला."

"हो रे. बस. भोसलेसाहेबांना काही विचारायचंय."

भोसलेंनी वही पुढे ओढली. "शनिवारी दुपारी कुठे होतां?"

"अंबत्तूरला सुटे भाग आणायला गेलो होतो. तिथून ओरगडमला. ५:४० ला गेटवर अंगठा लावलाय, बघा हवं तर."

"पाहिलं. बरोबर आहे."

"आशिष," बाई म्हणाल्या, "मी म्हातारी झाले. हा संच मला काही केल्या १५६.८ दाखवत नाही. काल साहेबांना तू समजावलंस ना, तसं मलाही एकदा दाखव. मोजून."

त्यांनी तोच मिठाने पांढरा पडलेला संच पुढे केला. काडी मात्र दुसरी, नवी, लांब लावली होती. आशिषने संच घेतला, उलटून पाहिला. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्याने सवयीने लाकडी स्टँड जवळ ओढला, संच त्यात उभा केला, स्क्रू घट्ट केला आणि हात बाजूला घेतला.

"हातात का नाही धरलास?"

"हात हलतो, बाई. आकडा नाचतो. स्टँडमध्ये स्थिर येतो. आमच्याकडे सगळे संच असेच मोजतो आम्ही."

"काशिमेडूचे बेचाळीसही?"

 बाहेरून लोकल गाडीचा भोंगा ऐकू आला. दारात उभ्या शिपायाने दाराची कडी आतून लावली.

"काशिमेडूचं काय?" आशिष म्हणाला.

"सांगते. तुला हे दहाव्या वर्षीच सांगितलं होतं, पण पुन्हा सांगते." बाईंनी संच स्टँडमधून सोडवला आणि भोसलेंच्या हातात दिला. "साहेब, हातात धरायच्या रेडिओची काडी म्हणजे फक्त अर्धी अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे संच आणि तो धरणारा माणूस. माणसाचा हात लागला की पट्टी खाली उतरते. म्हणून काडी नेहमी संच हातात धरून कापायची. स्टँडमध्ये कापली तर आकडा सुंदर येतो. पण समुद्रात तो संच स्टँडमध्ये नसतो. बुडणाऱ्या माणसाच्या ओल्या हातात असतो."

भोसले हातातल्या संचाकडे पाहत राहिले.

"याने बेचाळीस अँटेना स्टँडवर कापल्या. घाई असेल. तीन माणसं मेली. रविकांतने संच मोजला आणि चूक ओळखली, कारण ही चूक याची लहानपणापासूनची. शनिवारी त्याने याला बोलावलं. आशिष, तू संच मागितलास. तो इथे नव्हता, आमच्या घरी होता. मग काय म्हणाला रविकांत?"

आशिषने खुर्ची मागे सरकवली.

"म्हणाला असेल, सोमवारी दोघं मिळून जाऊ आणि सांगू. तू पाइप उचललास."

"५:४० ला मी ओरगडमला होतो."

"होतास. म्हणूनच तुला ५:४२ ची नोंद हवी होती." बाईंनी टेबलाच्या कडेकडे बोट केलं. "साहेब, वहीतल्या चार तुकड्यांवर रक्त वरून उडालंय. म्हणजे ते आधी कापले, रक्त नंतर सांडलं. पाचवा तुकडा रक्तात रुतलाय. खालची बाजू काळी, वरची लखलखीत. तो सांडलेल्या रक्तावर पडला. ही कापणी रविकांत मेल्यानंतरची आहे."

"मेलेला माणूस नोंद करत नाही," भोसले हळूच म्हणाले.

"नाही करत. आता हिशेब बघा, अगदी दुसरीतल्या पोराचा. सहा मिलिमीटर कापले की पट्टी दोनाने चढते. नोंदींत दर वेळी तसंच झालं. पाचव्या वेळी कापले दोन मिलिमीटर. पाऊणएक चढायला हवी. चढली पावणेतीन. कशी? पहिल्या चार वेळा संच रविकांतच्या हातात होता आणि पाचव्या वेळी स्टँडमध्ये. हात काढला म्हणून पट्टी उडी मारून वर गेली. सकाळी मी हातात धरला तेव्हा १५४.७, जिथे असायला हवी तिथेच. गिरिधर माझ्या हाताखाली शिकलाय. झोपेतही तो संच स्टँडला लावणार नाही."

"आणि वेळ?" आशिष एकदम म्हणाला. "घड्याळ बरोबर आहे. साहेबांनी स्वतः तपासलंय."

"तीच तुझी चूक," बाई म्हणाल्या. "साहेब, पहिलं पान वाचा."

भोसलेंनी वही उघडली आणि वाचलं: "ॲनलायझरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे. सुधारू नये. माझ्या सगळ्या नोंदी याच वेळेत आहेत."

"सहा वर्षं ते घड्याळ मागे आहे. आम्ही सगळे चिडवायचो त्याला. तू मात्र त्याआधीच काम सोडून गेलेला, तुला कसं कळणार? चौथी नोंद ४:०१ ची, म्हणजे खरे सव्वाचार व्हायला आले होते. त्यानंतर तू आलास. मारलंस, पाइप पुसलास. घड्याळ पुढे करून ५:४२ लावलंस, काडी कापलीस, नोंद केलीस. मग आपल्या मोबाइलमध्ये बघून घड्याळ परत लावलंस. अगदी मिनिटाला बरोबर. मेलेल्या माणसाचं घड्याळ दुरुस्त करून गेलास तू. आणि विचार कर, गिरिधरने खून केला असता तर ५:४२ ची खोटी नोंद कशाला केली असती? ती नोंद त्याच्याच गळ्यात पडते. वाचवते ती फक्त एकाला, जो त्या वेळी दुसरीकडे होता."

बाई आणखी काही म्हणणार होत्या. आशिषचा हात टेबलावरून सटकन फिरला. टेबलावरच्या दुसऱ्या संचाच्या पोलादी काडीने हवा कापली. बाईंच्या कपाळापासून गालापर्यंत कातडी उलली, चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. दुसरा फटका मानेवर. तिसऱ्याला त्याने कटर उचलला आणि बाईंच्या गळ्याशी आणला.

"तुमच्यामुळे," तो म्हणत होता, "हातात धर, हातात धर. दिवसाला साठ काड्या कापायच्या असतात तिथे. कोण हातात धरून बसतं?"

भोसले टेबलावरून तसेच पुढे झेपावले. दोघं भिंतीवर आदळले. कटर भोसलेंच्या दंडात घुसला. शिपायाने लाठीचा फटका मनगटावर घातला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला. कालचाच आवाज. आशिष ओरडला आणि खाली बसला, बरोबर जिथे रविकांत पडला होता तिथे.

"सांगटलं असतंस," भोसले धापा टाकत म्हणाले, "तर तीन माणसांची चूक होती. आता चौथ्याचा खून आहे."

आशिष मोडलेलं मनगट छातीशी धरून बसला होता. "सर म्हणाले, मी तुझ्याबरोबर येतो," तो म्हणाला. "पाठ करून उभे होते. शर्ट बदलायला निघाले होते."

विद्युलताबाईंनी रक्ताने भरलेला डोळा पदराने दाबला. 

*

सोमवारी अकरा वाजता न्यायाधीशांसमोर आशिष उभा राहिला. गिरिधर इस्पितळातून घरी आला, उजवा हात प्लास्टरमध्ये.

पुढच्या रविवारी दोघं काशिमेडूच्या धक्क्यावर गेले. कोळ्यांनी उरलेले एकेचाळीस संच आणून रांगेत ठेवले होते. बाईंच्या गालावर टाके होते, चष्मा नवा होता. रविकांतचा ॲनलायझर कोर्टात जमा होता, म्हणून त्यांनी स्वतःचा आणला होता.

"ताई, मला तर एकही संच धरता येणार नाही," गिरिधर म्हणाला.

"तुला कोणी सांगितलंय? ज्याचा संच, त्याने धरायचा. समुद्रात त्याचाच हात असणार आहे."

पहिला पुढे आला तो बुडालेल्यांपैकी एकाचा भाऊ. त्याने संच तोंडासमोर धरला, होडीत धरतो तसा. बाईंनी नवी लांब काडी बसवली आणि सहा मिलिमीटर कापले. तुकडा गिरिधरने डाव्या हाताने रविकांतच्या दुसऱ्या, अर्धवट भरलेल्या वहीत चिकटवला.

नोंद लिहिताना तो थांबला. "ताई, हे तुझं घड्याळ मागे आहे. अकरा मिनिटं."

"असू दे. मीच मागे लावलंय," बाई म्हणाल्या आणि कटर पुन्हा काडीला लावला. "वही त्याचीच आहे ना. नोंदी त्याच वेळेत आहेत."